सुनेचा डबा

"आई, माझ्यामागं सुप्रियाला ह्या घरात ठिवू नकोस."

दवाखान्यातल्या कॉटवर युवराज एवढंच बोलला होता. द्वारकाबाईंनी त्याचा हात धरून "व्हय" म्हटलं. एकुलत्या एका लेकाला दिलेला शब्द. रोज तुळशीला पाणी घालताना तो आठवायचा, मगच तोंडात घास जायचा.

जळोचीत त्यांच्या वावराच्या कडेला आता जहाजावरचे दोन जुने कंटेनर जोडून उभे होते. मधला पत्रा कापलेला, खिडक्या पाडलेल्या. मोरपंखी रंग सुनेनंच निवडला होता.

शेजारचा भीमा बांधावरून बघत होता. "काकू, सुनेला डब्यात घालताय व्हय? झाकण तरी उघडं ठिवा!"

"झाकण न्हाय रं, दार हाय. आतनं कडी असलेलं."

"माहेर न्हाय बिचारीला. जाणार कुठं?"

"म्हणून तर घर बांधलं."

एवढ्यात नगरपरिषदेचे इंजिनियर अविराज आले. मागच्या खेपेला त्यांनी घर म्हणून नोंद करायला नकार दिला होता. नुसता टेकवलेला डबा क्रेननं उचलून नेता येतो. नियमात ते घर नव्हे, सामान. शिवाय आत उंची कमी. द्वारकाबाईंनी वाद घातला नाही. काँक्रीटचा पाया भरून घेतला, छत कापून वर चढवलं.

अविराज खाली वाकले, काँक्रीटमध्ये आवळलेले बोल्ट हलवून पाहिले. आत जाऊन टेप लावली. द्वारकाबाई देवाचं नाव घेत उभ्या. आता नाही म्हणाले, तर लेकाचा शब्द अधांतरीच.

"काकी, घर झालं," अविराज हसत बाहेर आले.

"पुन्यांदा म्हणा की. मोठ्यांदा. त्या बांधावरल्याला ऐकू जाऊ द्या."

"घर झालं!" त्यांनी हाळी दिली. "राहणार कोण?"

"सुप्रिया. नावबी तिचंच, एकटीचं. मी माझ्या जुन्या घरात."

"पक्का काटा काढला म्हातारीनं," भीमा पुटपुटला.

द्वारकाबाईंची मान मात्र ताठ होती. उभ्या जळोचीत असलं घर नव्हतं.

सुप्रिया ट्रंक घेऊन आली. उंबऱ्याशी थबकली.

"मनापासनं हाय न्हवं गं?" द्वारकाबाईंनी हळूच विचारलं.

"व्हय आत्या." डोळे पुसून ती आत गेली.

दुपारी द्वारकाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, पिशवीत नारळ घातला आणि एसटीच्या वाटेला लागल्या.

भीमानं हटकलंच. "सुनेला घालवली, आता कुठं? तीर्थाला?"

"निमगाव केतकीला. लग्नाची बैठक हाय."

"अस्सं! मग तुमी कुणीकडनं?"

मोरपंखी दारात सुप्रिया तोरण बांधत होती. द्वारकाबाईंनी तिच्याकडं एकवार पाहिलं.

"मी मुलीची आई," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून चालू लागल्या.