चावणारा नळ

शामसुंदरकाकांनी गिझरचा प्लग काढला आणि त्या सॉकेटात आपलं मशीन लावलं. स्क्रीनवर काय उमटलं ते पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"अनुजा, इथं अर्थिंगच नाही."

अनुजा दाराला टेकून उभी होती. तिला कुठंतरी बसायचं होतं. फ्रिज सुरू झाला की घरातले दिवे मंद होतात, एवढ्याच तक्रारीसाठी तिनं शेजारच्या काकांना बोलावलं होतं. काका प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेले. वायरिंगमधला दोष दाखवणारं हे मशीन त्यांनी हौसेनं घेतलं होतं. आल्या आल्या त्यांनी घरातलं एकेक सॉकेट तपासायला काढलं. दुपार कलायला लागली होती आणि सासूबाईंची बॅग अजून भरायची राहिली होती.

तुळसाबाई उद्याच्या गाडीनं गोंदियाला, मोठ्या मुलाकडे जाणार होत्या. पाठवणार होते, असंच म्हणायला हवं. दिवाळीनंतर त्यांनी आंघोळच सोडली होती. बाथरूमातला नळ चावते, म्हणायच्या. अनुजाच्या नवऱ्यानं, नरेशनं, सिविक सेंटरच्या बाजारातून नवा नळ आणून बसवला. नवाही चावते, म्हणाल्या. मग डॉक्टर झाले. या वयात हातापायांना मुंग्या येतात, भासही होतात, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. तुळसाबाईंनी गोळ्या मुकाट्यानं खाल्ल्या, पण आंघोळीला काही गेल्या नाहीत. अनुजानं समजावलं. रागावून पाहिलं. ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसून दिलं. शेवटी एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्यानं नाही होत आता."

काकांनी गिझर परत लावला, बटन दाबलं आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं.

टेस्टरमधला दिवा लाल झाला.

"नळात करंट येऊन राहिला," काका म्हणाले. "गिझर आतून लीक आहे. अर्थिंग असतं तर करंट जमिनीत गेला असता. ही लाईन ओढली कोणी?"

"यांनीच. दिवाळीत सुट्टी होती तेव्हा."

"अर्थिंगची तार जोडलीच नाही त्यानं. न्यूट्रलचाही जोड ढिला दिसते. दिवे त्याच्यानंच मंद होत असतील."

"पण काका, आमाले तर कधी काही लागलं नाही."

काकांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "तुमी दोघं रबरी चपला घालून आत जाता. त्या अनवाणी, ओल्या फरशीवर."

अनुजा तिथंच उंबऱ्यावर बसली. आई, नाटकं पुरे करा आता, असं ती कालच म्हणाली होती. काकांसमोर तिला वर पाहवेना.

आतल्या खोलीतून तुळसाबाई आल्या. हातात अर्धवट घडी घातलेलं लुगडं होतं. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुमच्या मशीनलेही चावला का?"

"चावला, वहिनी," काका म्हणाले आणि गिझरचा प्लग उपटून बाजूला ठेवला.

"आई, तुमी खरं सांगत होत्या," अनुजा म्हणाली.

तुळसाबाईंनी लुगड्याची घडी पुरी करायला घेतली.

तेवढ्यात अनुजाला आठवलं. मोनू! तिचा दुसरीतला मुलगा रोज सकाळी इथंच आंघोळ करत होता, गरम पाण्यानं, अनवाणी. त्या वेळी नरेश पहिल्या पाळीला गेलेला असायचा आणि ती ओट्यापाशी डब्याच्या घाईत.

"आई, मोनूले कसा नाही लागला मग?"

"त्याले कसा लागन? नळाले हातच लावू देत नाही मी. त्याची बादली मीच भरतो."

"रोज? झटका खाऊन?"

"मंग?" तुळसाबाई म्हणाल्या. "माझी आंघोळ नाही झाली तं चालते, बाई. लेकराले शाळेत जा लागते."