दुहेरी रेघ

डॉक्टरीणबाईंनी कागदावर शालनताईंच्या मुलासाठी चौकोन आणि सुनेसाठी गोल काढून मध्ये दुहेरी रेघ ओढली. खाली दोन छोटे चौकोन काढले आणि दोन्ही खोडले. दोन्ही नातू वर्षाच्या आत गेले होते.

"रेघ दुहेरी कशाला?" शालनताईंनी विचारलं.

"दोघं फर्स्ट कझिन ना? सख्ख्या भावंडांची मुलं. आजार दोन्हीकडून उतरला."

"कझिन कसली? भावाची लेक हाय ती! माहेर तुटू नये म्हणून मीच हट्टानं करून घेतली..."

बोलता बोलता त्यांचं बोट खोडलेल्या चौकोनांवर थांबलं. सुनेनं ते अलगद उचललं. "आत्या, चला."

रिक्षात शालनताईंनी भावाला फोन लावला. "आण्णा, तुझ्या धाकटीचं माझ्या धाकट्याशी ठरलेलं मोडू या. लेकीला परक्या घरी दे."