मास्तरांचे उरलेले शब्द

फुटलेल्या कपाचं चित्र दाखवलं तेव्हा मास्तर म्हणाले, "ऊप्स." पायात काटा रुतलेला दाखवला, "आउच." डोंगरामागून सूर्य वर आला, तर चक्क "वॉव". स्पीच थेरपिस्ट खूश. मेंदूला झटका आल्यापासून मास्तरांची वाचा गेली होती. हे तीन आणि एक "ओह", असे चार उद्गार तेवढे शिल्लक, आणि तेही इंग्रजी.

मास्तरांच्या बायकोला, मास्तरीणबाईंना, भारी कुतूहल. "मराठी सगळं पुसलं गेलं आणि हेच बरं राहिलं?"

"विचार करून बोलायचं ते अडतं, आपसूक निघतं ते निघतं. काय शिकवायचे सर?"

"इंग्रजीच. पोरगं ठेच लागून 'आई गं' म्हणालं, की हे म्हणायचे, आउच म्हण. अहो, निदान कळवळायचं तरी ज्याचं त्याला कळवळू द्यावं की नाही?"

थेरपिस्ट हसली. मग तिने बाईंकडे बोट दाखवलं. "सर, या कोण?"

मास्तरांनी बाईंकडे बराच वेळ पाहिलं. "ओह," म्हणाले.

"नाव सांगा यांचं."

"ओह."

बाईंचा चेहरा पडला. नवरा बोलला नाही तरी चालेल. पण तो आपल्याला ओळखतो की भिंतीकडे बघावं तसं नुसतं बघतो, एवढं त्यांना कळायला हवं होतं. रात्रंदिवस तोच एक घोर.

त्या एकदम उठल्या. "तुमचा प्रश्नच चुकतोय. धडधाकट होते तेव्हा तरी कधी माझं नाव घेतलं यांनी?"

त्यांनी मास्तरांच्या नाकावरचा चष्मा काढून कपाटावर ठेवला, हातात वर्तमानपत्र दिलं आणि थेरपिस्टला ओढतच बाहेर नेऊन दार लोटून घेतलं.

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. आत पानं सळसळली. टेबल चाचपल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. "ऊप्स." मग काहीच नाही. थेरपिस्टने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंना तिच्याकडे बघवेना.

"अगं," आतून आवाज आला. चांगलाच वैतागलेला. "अगं..."

थेरपिस्ट घाईने दार उघडायला गेली. बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"थांबा हो जरा. अजून एकदा म्हणू देत."