तेल मुरेपर्यंत

भंगारवाला आला, तेव्हा ताई बॉनेटखाली डोकं घालून उभ्या होत्या. वडिलांची गाडी कित्येक वर्षं बंद. आज सुरू झाली नाही तर भंगारात, असं भावाने निक्षून सांगितलेलं.

“ताई, किल्ली फिरवा की! मुहूर्त काढताय का?”

“इंजिन कोरडं फिरवलं तर आत ओरखडे पडतात. काल प्लग काढून आत तेल सोडलंय, मुरलं का बघते.”

पाना लावून त्यांनी इंजिन हातानेच हळूहळू फिरवलं. अडलं, मग सुटलं. तेव्हा कुठे प्लग बसवून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, निळा धूर सोडत थरथरलं आणि एका लयीत चालू लागलं.

भंगारवाल्याने आजवर इंजिनं तोडलीच होती. उठलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्याने अदबीने स्टिअरिंगकडचं दार उघडून धरलं. “मारा एक चक्कर!”

ताई हात पुसत शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

“तूच मार. मला चालवता कुठे येते?”