उलटा का करायचा?

"समजलं का?"

"होऽऽ मॅडम!" सहावी 'ब'च्या साठ पोरांनी एका सुरात छत हलवलं.

"नाही," एकसष्टावी म्हणाली.

शीला मॅडमचा खडू फळ्यावर तिथंच थांबला. झाली का पंचाईत! मागच्या बाकावर वसंतराव सर वही उघडून बसलेले. संस्थेचे अध्यक्ष, गणिताचे जुने मास्तर. शीलालाही ह्याच शाळेत त्यांनीच शिकवलेलं. नऊ वर्षं तात्पुरत्या नोकरीत काढल्यावर आजच्या ह्या एका तासावर ठरायचं होतं, तिला कायम करायचं की घरी बसवायचं. आणि नेमकी आजच ही रुद्राणी उठून उभी राहिली!

रुद्राणीला डेन्मार्कहून अहमदपुरात येऊन पंधरा दिवस झाले होते. तिकडं वर्गात वीस लेकरं. बाईंना नावानं हाक मारायची, दप्तरात पुस्तक असलंच तर एखादं. इथं पहिल्याच दिवशी ती मॅडमना सरळ 'शीला' म्हणाली आणि अख्ख्या वर्गानं जीभ चावली. ते एकवेळ निस्तरता येतं हो. पण बाई 'समजलं का' विचारतात ते पुढच्या पानावर जायला, उत्तर ऐकायला न्हाई, एवढी साधी गोष्ट ह्या पोरीला कुणी सांगितलीच नव्हती.

मॅडमनी पुन्हा समजावलं. "अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं. आता समजलं?"

"उलटा का करायचा?"

"नियम आहे, बाळा."

"नियम कळला. का, ते नाही कळलं."

मागं वसंतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"सगळ्यांना कळलं, तुलाच कसं कळत न्हाई?" त्या दातओठ खात म्हणाल्या. "हो म्हण आणि बस खाली."

"न कळता हो म्हटलं तर ते खोटं होतं ना? तिकडं त्यावरच रागवायचे." पोरीचे डोळे भरून आले, पण ती बसली न्हाई. मग भीत भीत तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कळलंय का?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर तास सुखरूप पार पडला असता. पण एवढ्याशा पोरीच्या डोळ्याला डोळा देऊन शीला मॅडमना ते म्हणवेना. स्वतःचीच लाज वाटली. नोकरी गेली तर जाऊ दे.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मलाबी न्हाई कळलं. मी ह्या वर्गात होते तवाबी कळलं नव्हतं. नुसतं हो म्हणले होते."

वसंतराव ताडकन उठले. बाकांमधून तरातरा फळ्यापाशी आले. मॅडमच्या हातातला खडू त्यांनी हिसकावूनच घेतला.

"लई सोपं हाय! बघा रे इकडं!"

त्यांनी तीन छेद चार लिहिलं. भागाकाराचं चिन्ह काढलं. दोन छेद पाच लिहिलं. मग त्याचं उलटं पाच छेद दोन केलं, पुसलं, पुन्हा दोन छेद पाच लिहिलं, पुन्हा पुसलं.

शेवटी वर्गाकडं तोंड न वळवताच ते हळू आवाजात म्हणाले, "शीला, आमच्या मास्तरला हे विचारायची माझी छातीच झाली न्हाई गं."