तिसरी किल्ली

सकाळी गाडीत बसताना भूमापकांचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. आसन पुन्हा चार बोटे पुढे सरकले होते.

या आठवड्यातली ही तिसरी वेळ. मागचे दाखवणारा आरसाही खाली कललेला. बत्तीस वर्षे ज्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यांना चार बोटांचा फरक कळू नये? ‘साहेबांच्या नजरेला फूटपट्टी लागत नाही,’ असे त्यांच्या कचेरीत म्हणत.

“अगं, गाडी कुणीतरी नेतंय,” दारात उभ्या असलेल्या पत्नीला ते म्हणाले.

“अहो, कोण नेणार? किलोमीटर तरी वाढलेत का?”

“ये, बघ बरं.”

गाडीतले आकडे अलीकडे फार फिके झाले होते. जुन्या गाडीला जुनी दुखणी असायचीच. त्यामुळे ते वाचण्याचे काम पत्नीकडे असे. ती वाकली. “अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बारा. कालचेच.”

आकडा जागच्या जागी आणि आसन मात्र पुढे! भूमापकांच्या मनात पाल चुकचुकली.

ही ऐसपैस, रुबाबदार गाडी त्यांनी सहा महिन्यांपूर्वी एका शल्यचिकित्सकाकडून घेतली होती. सात वर्षे वापरलेली, पण इंजिन असे शांत की शेजारच्या खोलीत निजलेल्याची झोपही मोडू नये. घेण्यामागे हेतू एकच होता. मुलीला दिवस गेले होते, आणि बाळंतपणासाठी दोन तासांच्या अंतरावरून तिला स्वतः सुखरूप घरी आणण्याचा शब्द त्यांनी दिला होता. तो दिवस आता येत्या रविवारवर येऊन ठेपला होता. वाटेत गाडीने दगा दिला तर? या एका विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

दगा देण्याची चिन्हे तर रोज दिसत होती. पुढचे दिवे मंद पडलेले. समोरच्या काचेवर कसलासा धुरकटपणा. डाव्या अंगाला फाटकाच्या खांबाचे दोन ओरखडे. तो खांब मुळात गवंड्यानेच वाकडा बांधला होता, हे भूमापकांनी सर्वांना पटवून दिले होते.

त्याच दिवशी ते पत्नीसह मेकॅनिककडे गेले.

“साहेब, दिवे नवे घातले, काच घासून दिली, वायपरची रबरं बदलली,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “ही गाडी आहे, सासूबाई नव्हे. रोज नाडी बघू नका.”

“मग उजेड का पडत नाही?”

उत्तर देण्याआधी मेकॅनिकने भूमापकांच्या पत्नीकडे पाहिले. “जुनी गाडी, साहेब. रविवारी एखादा ड्रायव्हर घ्या की.”

“माझे हात शाबूत असताना माझी लेक परक्याच्या हवाली करू?”

पत्नी पिशवीचे बंद उगाच सोडत आणि बांधत राहिली.

परतताना भूमापकांनी विचारले, “दुसरी किल्ली कुठे आहे?”

“अहो, माझ्या कपाटात. आणि कपाटाची चावी माझ्या कमरेला. काढून दाखवू?”

पहिली किल्ली त्यांच्या उशाखाली, दुसरी पत्नीच्या कपाटात. तर मग चोराकडे तिसरी असली पाहिजे. ती कोणाकडे असेल? ज्याने गाडी विकली त्याच्याकडेच! वेळही चोराने नेमकी हेरली होती. दुपारी तीनला भूमापक रक्तदाबाची गोळी घेऊन गाढ निजत, आणि त्याच वेळी पत्नी नातवंडाची झबली शिवायला शिवणवर्गाला जाई.

“तीन आठवडे झाले, एक झबलं दिसेना,” जेवताना ते म्हणाले.

“शिवतेय, उसवतेय. या वयात हात बसायला वेळ लागतो.” मग वाढता वाढता ती म्हणाली, “अहो, शेजारचे पोस्टमास्तर रागावलेत. म्हणाले, मोठी गाडी आली आणि साहेबांची मान ताठ झाली. समोरून गेलं तरी ओळख देत नाहीत.”

“मत्सर, दुसरं काय!” भूमापक म्हणाले, आणि संशयितांत पोस्टमास्तरांचीही भर पडली.

शुक्रवारी त्यांनी गोळी तोंडात न टाकता मुठीत ठेवली आणि डोळे मिटून घेतले. पत्नीने त्यांचे पांघरूण सारखे केले. दार लागल्याचा आवाज आला. दहा मिनिटे मनात मोजून ते उठले. उशाखालची किल्ली जागेवर होती. गाडीची जागा मात्र रिकामी होती.

पाऊण तास ते भर उन्हात अंगणात उभे राहिले. अखेरीस फाटकातून गाडी आत वळली, खांबाला केसाइतकाही धक्का न लावता. चोर असला तरी हात तयार होता, हे त्यांना मनोमन मान्य करावे लागले.

ते गाडीला आडवे गेले. हात वर केला. गाडी थांबली, दार उघडले आणि एक स्त्री उतरली.

भूमापक क्षणभर गोंधळले. शल्यचिकित्सक नव्हे, पोस्टमास्तर नव्हे, बाई! तरीही त्यांनी आवाज चढू दिला नाही.

“बाई, तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. पण ही गाडी माझी आहे. परवा हिच्यातून मला माझी मुलगी आणायचीय. तुमच्या घरच्यांना कळलं तर काय वाटेल त्यांना?”

हळूहळू चालत ती हाताच्या अंतरावर येऊन थांबली. भूमापकांनी डोळे बारीक करून तिचा चेहरा न्याहाळला. कधी पाहिल्याचे आठवेना.

“भिऊ नका,” ते थोडे नरमून म्हणाले. “नुसतं नाव सांगा.”



“अहो,” ती म्हणाली, “मी आहे.”