वळणावरचा माणूस

मित्राच्या एका पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. "डोंगरापलीकडे चालत जाऊ. मी वळणावर थांबतो. येणार की नाही, तेवढं कळव," एवढंच त्यात होतं. आपल्याला इतकं चालणं जमेल का, या विचारात माझी बारा वर्षं गेली. त्यातल्या तिसऱ्याच वर्षी तो वारला.

हल्ली नात मला टॅबलेटवर चित्र काढायला शिकवते. डोंगर जमला, वाटही जमली. मग ती म्हणाली, "आता माणसं. गाजर काढायचं, वर ठिपका द्यायचा. झाला माणूस!"

"आणि चेहरा?"

"लांबून कुणाला चेहरा असतो का, आजोबा?"

मी वाटेवर चार गाजरं काढली, त्यातलं शेवटचं वळणावर. नातीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, तसे डोंगराचे नि झाडांचे नुसते रंगीत चौकोन झाले. तीन माणसांचेही झाले. वळणावरच्या माणसाचे मात्र झाले नाहीत. आधी सदऱ्याची बटणं दिसली, मग चष्मा. तो आमच्याकडेच बघत होता.

"चेहरा नको म्हटलं होतं ना!" नात म्हणाली. "आणि हा कुणाची वाट बघतोय?"

मी पोस्टकार्ड घेतलं, 'येतो' एवढंच लिहिलं आणि त्याचा जुना पत्ता घातला.

नाक्यावरच्या पेटीत मी कार्ड सरकवलं. ते पडल्याचा आवाज आला नाही. आतून कुणीतरी ते माझ्या बोटांतून अलगद ओढून घेतलं.